चौथी जोडी

१

मी माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघते, आधी पायांकडे. सवय वाईट आहे, पण उभा जन्म बुटांच्या कारखान्यात गेला. माझं टेबल सगळ्यात शेवटचं, तपासणीचं. डावा-उजवा जुळतोय का बघायचं, टाचेवरून अंगठा फिरवायचा आणि जोडी खोक्यात घालायची. नवरा म्हणायचा, "लीदा, मी मेलो तर तू मला चपलेवरूनच ओळखशील." तो गेला आणि खरंच, दवाखान्यात मी आधी त्याच्या पायांकडेच पाहिलं.

आमच्या हॉलमधल्या आम्ही चौघी. व्लास्ता शिलाईवर, इलोना चिकटवणीला, क्वेता नाड्या ओवायला आणि मी. कारखाना बंद पडला, तरी आम्ही सुटलो नाही एकमेकींना. दर ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार, एक जुनं शहर. पाऊस ठरलेला. इलोना म्हणते, पाऊस आपल्या आधी तिकीट काढून डब्यात बसलेला असतो.

यंदा तिघीच निघालो.

क्वेताचं डोकं वर्षभरापासून साथ देत नव्हतं. मागच्या सहलीत ती बाजारातून नाहीशी झाली. आम्ही सगळं गाव पालथं घातलं, तेव्हा कुणा अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात सूप पीत बसलेली सापडली. एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारते. व्लास्ताने या वर्षी स्पष्ट सांगितलं, "मला दोन दिवस सुट्टी हवी आहे, नर्सगिरी नको." इलोना सिगारेट ओढत राहिली. मीही गप्प बसले. मग क्वेताला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती माझ्या खालच्याच मजल्यावर राहते आणि तिची सगळ्यात जवळची मी.

एका जिन्याचं अंतर, पण समोर जाऊन खोटं बोलायची छाती झाली नाही. फोन केला. आवाज मुद्दाम हसरा ठेवला. "अगं, यंदाची सहल रद्द झाली बघ. व्लास्ताचा गुडघा धरलाय आणि पाऊसही फार सांगितलाय. वसंतात जाऊ, ऊन पडलं की."

 ती म्हणाली, "बरं. मी सपाता पिशवीत भरून ठेवल्या होत्या. काढून ठेवते परत."

शनिवारी सकाळी मी बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर जिना उतरले, तिला माझी चाहूल लागू नये म्हणून. फरशी बर्फासारखी गार होती. तिच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर तिचे तपकिरी, नाडीचे बूट नेहमीसारखे शेजारी-शेजारी ठेवलेले होते. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली, कारण ती डावा पाय जरा फाकवून टाकते. मी त्या बुटांकडे न बघता पुढे गेले. साठी उलटलेली बाई, चोरासारखी मोज्यांवर. जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायला हवी होती. वाटतही होती, पण मी थांबले नाही.

२

यंदाचं शहर ओलोमोउत्स. तिथे उतरलो तेव्हा पाऊस तिरपा लागला होता. भाड्याने घेतलेलं घर जुन्या गल्लीत, चर्चच्या मागे, पहिल्या मजल्यावर होतं. मालकीण हायकोवाबाई तळमजल्यावर राहायच्या. त्यांनी दार उघडून दिलं, आमच्या छत्र्यांकडे नाराजीने पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट बाहेरच्या खोलीत काढा, ओले आत नेऊ नका. सपाता ठेवल्यात."

बाहेरची खोली म्हणजे एक अरुंद बोळ. एका अंगाला बूट ठेवायची फळी, वर आरसा, समोर तीन दारं. फळीखाली करड्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या सपाता ओळीने मांडलेल्या. चार जोड्या.

"आम्ही तिघी आहोत," व्लास्ता म्हणाली.

"चौघींचं सांगितलं होतंत ना?" हायकोवाबाई म्हणाल्या.

ते बरोबरच होतं. घर वसंतातच ठरवलेलं, तेव्हा आम्ही चौघी होतो. नंतर आकडा बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "एक जण येऊ शकली नाही," व्लास्ता म्हणाली. 'शकली नाही' हे तिने इतकं सहज म्हटलं की मला माझा फोनवरचा आवाज आठवला.

"राहू देत मग," बाई म्हणाल्या. "सपाता काय खायला मागत नाहीत."

त्या गेल्यावर इलोना खो खो हसली. "तुझा गुडघा कसा आहे गं व्लास्ता? धरलाय म्हणे!"

"तुझी जीभ धरली तर बरं होईल," व्लास्ता म्हणाली.

मीही हसले. मग चौथी जोडी उचलली आणि फळीच्या तळाला, छत्र्यांच्या मागे सरकवली, नजरेआड. बोटांना आतला नमदा कोमट लागला. शेजारून गरम पाण्याचा पाइप जात होता, त्याची ऊब असणार. मी पाइपाला हात लावून पाहिला नाही.

३

दुपारी मोठ्या चौकात घड्याळाखाली उभ्या राहिलो. बाराच्या ठोक्याला त्या घड्याळातून राजे आणि संतांऐवजी कामगारांच्या बाहुल्या फिरतात. क्वेताला ते फार आवडायचं. "बघा, आपली पाळी सुटली," असं म्हणून ती टाळ्या वाजवायची. आम्ही तिघी छत्र्या धरून बघत राहिलो. बाहुल्या आत गेल्या तेव्हा मागे कुणीतरी हलक्या हाताने टाळ्या वाजवल्या. पावसात लोक होतेच. मी वळले नाही.

परत आलो ते चिंब होऊन. तिघींनी बूट काढले. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. व्लास्ता कागदाचा बोळा करून ठासते, इलोना फाडून भरते, मी घडी घालून टाचेपासून पुढे सरकवते. बूट फळीवर ठेवून दोघी चहा टाकायला आत गेल्या. मी आरशात केस पुसत होते.

खाली फळीवर चार जोड्या होत्या.

चौथी तपकिरी, नाडीची. पाण्याने काळी पडलेली. खाली थारोळं साचायला लागलं होतं. आत कागद भरलेला होता, आणि तो बोळा नव्हता, घडीही नव्हती. बारीक पिळलेल्या सुरळ्या, एकीला एक चिकटून उभ्या. अख्ख्या हॉलमध्ये असा कागद फक्त नाड्या ओवणारी भरायची. मी वाकले. खरं तर गरज नव्हती. तरी डाव्या टाचेवरून अंगठा फिरवला. बाहेरून झिजलेली.

"व्लास्ता," मी हाक मारली.  

दोघी आल्या. व्लास्ताने पाहिलं. "हायकोवाबाईंचे असतील. वर वाळत घातले असतील."

"क्वेताचे आहेत."

"तपकिरी बूट काय जगात एकाच बाईचे आहेत का?"

"चोराच्या मनात चांदणं," इलोना म्हणाली, पण हसली नाही.

मला मात्र उत्तर सापडलं होतं आणि ते अगदी साधं होतं. क्वेता विसरते. सहल रद्द झाल्याचंही ती विसरली असणार. पिशवी भरली, बूट घातले, गाडीत बसली. ती इथे आहे, या शहरात, पावसात. आपल्याला शोधत दारापर्यंत आली, बूट काढून ठेवले, आणि मग? मोज्यांवर कुठे गेली?

"तिच्या घरी फोन करूया," मी म्हणाले. "उचलला तर घरी आहे. नाही उचलला तर—"

"आणि उचलला तर काय सांगणार तिला?" व्लास्ताने विचारलं. "कुठून बोलतेस म्हणाली तर? मागे ट्राम ऐकू आली तर? आपल्या गावात कुठे आहे ट्राम? लीदा, जरा विचार कर."

मी विचार केला आणि फोन पिशवीत परत ठेवला. एक म्हातारी मैत्रीण परक्या गावात भिजत हरवली असेल, याची भीती वाटत होती. पण आपलं खोटं उघडं पडेल, ही भीती तिच्याहून मोठी निघाली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे बूट तपासले, स्वतःला कधी असं उलटं करून पाहिलं नव्हतं. आतून चांगलीच कुजलेली निघाले.

गल्लीत जाऊन मी दोन्ही टोकांना पाहून आले, एवढं केलं. कुणी नव्हतं.

४

जेवणाआधी व्लास्ताने घरची प्लमची दारू काढली. दरवर्षीची रीत. टेबलाभोवती उभं राहायचं, प्रत्येकीच्या पेल्याला पेला लावायचा आणि लावताना तिच्या डोळ्यांत बघायचं. नजर चुकवली तर सात वर्षं पनवती, असं आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतात. सहसा त्यात थट्टाच जास्त असते.

"तब्येतीला!" व्लास्ता म्हणाली.

मी तिच्या पेल्याला पेला लावला आणि बघितलं तिच्या हनुवटीकडे. तिच्या डोळ्यांत बघितलं असतं तर मला तिथे मीच दिसले असते. इलोनाच्या वेळी तर मान खालीच गेली. टेबलावर ब्रेड, कांदा, इथलं ते वासाचं पिवळं चीज. मी त्या चीजकडे बघत पेला लावला. किण्.

आणि मग पुन्हा लावला. किण्.

हात खाली आणल्यावर मला ते कळलं. दोघी समोर होत्या. दोघींना पेला लावून झाला होता. तिसऱ्यांदा तो कशाला लागला? आवाज बाटलीचा नव्हता, पेल्याचा होता. शिवाय माझ्या बोटांना तो हलका धक्का जाणवला होता, समोरचा हातही पुढे येतो तेव्हा जाणवतो तसा.

"तू आमच्याकडे बघितलंच नाहीस," इलोना म्हणाली.

"पुन्हा करूया," मी म्हणाले.

"पुन्हा नसतं करायचं," व्लास्ता म्हणाली. "झालं ते झालं." आणि तिने चार काप ब्रेड कापले, चार ताटल्यांत ठेवले.  जेवण संपल्यावर मी ताटल्या उचलल्या. चारही रिकाम्या होत्या. इलोनाला भूक फार लागते, असं मी स्वतःला सांगितलं.

५

रविवारी सकाळीही पाऊस होता. मी उठून आले तेव्हा दोघी न्याहारीला बसल्या होत्या आणि मजेत गप्पा चालल्या होत्या. मी दारात आल्यावर गप्पा थांबल्या.

"गाडी किती वाजताची आहे?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"दुपारची, लीदा," व्लास्ता म्हणाली. आवाज मऊ होता. व्लास्ताचा आवाज मऊ नसतो. "आत्ताच सांगितलं तुला."

"आत्ता? मी तर आत्ता उठले."

"हो, हो. बस. चहा घे." इलोनाने माझ्यापुढे कप सरकवला आणि त्याचा कान माझ्या हाताकडे वळवला. क्वेतासाठी आम्ही असंच करायचो.

मला राग आला. मस्करी करायची एक हद्द असते. "ते बूट कुठे आहेत? फळीवरचे?"

"कुठले बूट?"

"क्वेताचे!"

"फळीवरच आहेत की," इलोना म्हणाली. "कुठे जाणार?"

मी तिच्याकडे बघत राहिले. काल ते हायकोवाबाईंचे होते. आज ते क्वेताचे, आणि त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात व्लास्ताने माझ्या हातावर हात ठेवला. "लीदा, नको त्रास करून घेऊस. आम्ही आहोत ना."

डोकं दुखतंय असं सांगून मी झोपायच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आरशात पाहिलं, मीच होते. नवऱ्याचं नाव, मुलाचा वाढदिवस, कारखान्यातला माझा टेबल नंबर, सगळं मनात म्हणून पाहिलं. सगळं आलं. पण क्वेतालाही स्वतःचं सगळं येतच असे. तिला कधी वाटलं होतं का, की आपण विसरतो? आम्ही सांगायचो तिला, आणि ती बिचारी मान डोलवायची, लाजून.

भिंतीपलीकडे गप्पा पुन्हा सुरू झाल्या. दोघींच्या. मी बराच वेळ कान देऊन ऐकत होते. दोघींच्याच होत्या, असं मी ठरवलं.

६

दुपारी मी फोन काढला. आता काहीही होवो. ट्राम ऐकू येऊ दे, ती ओरडू दे, तीन वर्षं अबोला धरू दे. मी खरं सांगणार होते. क्वेता, आम्ही तुला फसवलं. मी फसवलं. जिन्यावरून मोज्यांवर उतरले. मला माफ करू नकोस, पण घरी आहेस एवढं सांग. वाक्यं मनात जुळवून घेतली आणि नंबर लावला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, अगदी लगेच.

तिकडे घंटा वाजत राहिली. मग उचलला.

"हॅलो?" क्वेताचाच आवाज. मला रडू फुटलं.

"क्वेता, मी लीदा."

 मग ती बोलली, आणि तो आवाज मुद्दाम हसरा ठेवलेला होता.

"अगं लीदा! यंदाची सहल रद्द झाली ना? सांगितलं होतं की तुला. व्लास्ताचा गुडघा धरलाय आणि पाऊसही फार सांगितलाय. वसंतात जाऊ, ऊन पडलं की."

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "क्वेता, तू कुठे आहेस?"

"घरी, आणखी कुठे? कालही तू हेच विचारलंस." फोनमध्ये मागे ट्रामची घंटा वाजली. तीच घंटा माझ्या खिडकीखालीही वाजली, एकाच वेळी. ट्राम वळणावर करकरली, माझ्या दोन्ही कानांत.

"क्वेता, मी तुला खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला लाज वाटते."

 तिच्या आवाजातला हसरेपणा गेला. दबक्या आवाजात, शेजारच्या खोलीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये तशी ती म्हणाली, "मलाही वाटते गं." आणि फोन ठेवला.

७

मी दार उघडून बोळात आले.

फळीवर तीन जोड्या ओल्या होत्या. व्लास्ताची, इलोनाची आणि तपकिरी. खाली करड्या सपातांची एकही जोडी नव्हती. मी माझे बूट शोधले. सापडले ते फळीच्या तळाला, छत्र्यांच्या मागे, नजरेआड सरकवलेले. हातात घेतले. तळ कोरडा होता, नाड्या कोरड्या होत्या. दोन दिवसांचा पाऊस, तो चौक, ती गल्ली, यातलं काहीही त्या बुटांना लागलेलं नव्हतं. टाचेवरून अंगठा फिरवला तर धूळ लागली. मी पायांकडे पाहिलं. नुसते मोजे होते, आणि फरशी बर्फासारखी गार.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलाचा एक कोपरा दिसत होता, बाटली, व्लास्ताचा हात, इलोनाचा हात. "निघण्याआधी एक," व्लास्ता म्हणाली. "तब्येतीला!" पेले वाजले. किण्, किण्, किण्. टेबलाखाली करड्या सपातांतले पाय दिसत होते. त्यातला दाराजवळचा डावा पाय जरा बाहेर फाकलेला.

आत जायला दोन पावलं पुरली असती. पण आत जाऊन म्हणायचं काय? मी आले, मला का नेलं नाही, असं? मी काय केलं होतं ते त्या तिघींना ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बघतील, प्रेमाने, माझ्यासाठी कपाचा कान वळवून ठेवतील, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. शरमेने माझे पाय जागचे हलले नाहीत.

फाकलेल्या पायाची बाई खुर्चीत जराशी दाराकडे वळली. चेहरा पुरता दिसला नाही. एक गाल, पांढरी बट, आणि खाली घातलेली नजर. मी इथे उभी आहे हे तिला माहीत होतं. तिने वर पाहिलं नाही.

"लीदा एकटीच असेल गं घरी," आतून इलोना म्हणाली. "फोन करूया का तिला?"

"नको," व्लास्ता म्हणाली. "काय सांगणार तिला?"

मग खुर्च्या सरकल्या, पिशव्यांच्या चेनी ओढल्या गेल्या. मी कोरडे बूट एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून बोळात उभी राहिले. त्यांनी केलाच फोन, तर पहिल्या घंटेलाच उचलणार होते. काही विचारणार नव्हते, काही बोलणार नव्हते. 'बरं', एवढंच म्हणणार होते.

फोन वाजला नाही.